आईने 'हो' म्हटलेलं अपडेट

तीर्थस्वरूप मावशीस,

तुझ्या एकुलत्या एका (आणि म्हणून नाइलाजाने लाडक्या) भाच्याचा वाकून नमस्कार. काकांनाही सांग, आणि त्यांचा गुडघा जिने चढू देतो का तेही कळव. तुझी तब्येत कशी आहे ते खरं खरं लिही, 'ठीक आहे' या दोन शब्दांवर भागवू नकोस. आमच्याकडे सगळे बरे आहोत. माझी कंबर कुरकुरते, पण ती लग्नाच्या आधीपासून कुरकुरते आहे, तेव्हा त्याचा दोष बायकोला देता येत नाही. तुझी सूनबाई औषधांच्या दुकानातून आल्यावर जगाला दिवसभर दिलेले सल्ले संध्याकाळी मला पुन्हा एकदा देते. आई उत्तम. तिच्याविषयीच हे पत्र आहे, आणि थोडंफार आमच्या कॉम्प्युटरविषयी. ही दोन्ही माणसं (कॉम्प्युटरला मी हल्ली माणसातच धरतो) माझ्याहून शहाणी निघाली, ते कसं ते ऐक.

आधी तुझा रुसवा काढतो. लागोपाठ दोन रविवार आमच्याकडून व्हिडिओ कॉल आला नाही, आणि परवाच्या रविवारी आला तेव्हा सुरुवातीला तू गाल फुगवून बसली होतीस. कारण विचारलंस तर मी 'अपडेट, अपडेट' एवढंच पुटपुटलो आणि तुला ती थाप वाटली. थाप नव्हती गं. तुला माहीत नसेल, पण आईचा आठवडा म्हणजे एक रविवार आणि त्याची वाट बघण्याचे सहा दिवस. सकाळपासून तिची घाई सुरू होते, केस विंचरून होतात, चष्मा पुसून होतो, खिडकीचा पडदा तिरका ओढला जातो, कारण समोरून ऊन आलं की पडद्यावरचा तुझा चेहरा पुसट होतो. मग ती कानांवर ते मोठे हेडफोन चढवते आणि पाठ ताठ करून बसते, जुन्या टेलिफोन एक्स्चेंजच्या नोकरीत लोकांचे कॉल जोडायला बोर्डासमोर बसायची तशी. साध्या फोनवर तिला हल्ली काही म्हणजे काही कळत नाही. मोठ्या पडद्यावर निदान तुझे ओठ दिसतात. म्हणजे तो कॉम्प्युटर बंद पडला की आमचं काही अडत नाही, फक्त दोन बहिणींचं बोलणं बंद पडतं. हे मला माहीत होतं, आणि तरीही पुढचं सगळं मीच केलं.

तर झालं असं, की गेले कित्येक महिने तो कॉम्प्युटर एक मोठं अपडेट घ्या म्हणून मागे लागला होता. साधं नव्हे, अख्खी सिस्टीम नवी. मी रोज 'नंतर आठवण करा' दाबायचो. तुला तर माझं काम ठाऊक आहे. लिफ्ट दुरुस्त करण्यात केस पांढरे झालेल्या माणसाचा एकच धर्म, चालत्या गाडीला खीळ घालू नये. नव्या कंट्रोलचं पॅनेल बसवलं की जी लिफ्ट काल गुपचूप जात-येत होती ती आज चार बोटं वर थांबते, उद्या चार बोटं खाली, आणि सोसायटीचे सेक्रेटरी माझ्या नावाने खडे फोडतात. अपडेटची गत तीच, असं माझं ठाम मत. आमच्या वर्कशॉपमध्ये प्रत्येकाकडे एकेक गोष्ट आहे. एकाच्या मेहुण्याचा कॉम्प्युटर अपडेटनंतर मुका झाला, एकाचे लग्नाचे फोटो आडवे झाले. सूनबाईचं मत बरोबर उलटं. तिचं म्हणणं, सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यातच असतात, आजार अंगावर काढून कोणी तगडं होत नाही. (दुकानातलं वाक्य. मला ते खोकल्यापासून गृहकर्जापर्यंत सगळ्याला ऐकावं लागतं.) या वादात आमचे कितीतरी चहा थंड झाले, आणि मी रोज 'नंतर' दाबत राहिलो.

एका शनिवारी मी कामावर, सूनबाई दुकानात, घरी आई एकटी. ती कॉम्प्युटरवर तुझ्या नातवाचे फोटो बघत होती. तेवढ्यात पडद्यावर प्रश्न आला, अपडेट सुरू करू का? आता माझ्या आईला तू ओळखतेस. तिने आयुष्यभर बोर्डावर दिवा लागला की उत्तर दिलं आहे. समोरून कोणी विचारलं आणि आपण गप्प बसलो, यासारखा दुसरा उद्धटपणा तिच्या लेखी नाही. माझ्या त्या 'नंतर, नंतर'बद्दलही ती मला मागे एकदा म्हणाली होती, की अरे, किती दिवस त्या बिचाऱ्याला ताटकळत ठेवणार आहेस? तिने 'हो' दाबलं आणि भाजी चिरायला निघून गेली.

मी आलो तेव्हा पडदा निळा, मधोमध एक चक्र फिरतंय, आणि खाली आकडा. तो आकडा हलेना. मी कपडे बदलले, हात-पाय धुतले, चहा घेतला, आकडा तिथेच. आता माझ्या धंद्यात दोन मजल्यांमध्ये काही अडकलं की पहिली गोष्ट काय करायची? मेन स्विच बंद. हा हात आपोआप जातो, डोक्याला विचारत नाही. मी वाकलो आणि भिंतीतला स्विच बंद केला. पडद्यावर 'कृपया कॉम्प्युटर बंद करू नका' असं लिहिलं होतं, मोठ्या अक्षरांत. लिफ्टमध्येही 'दारात उभे राहू नका' असं लिहिलेलं असतं आणि माणसं नेमकी दारातच उभी राहतात. त्यांना मी आजवर काय काय बोललो आहे ते तुला लिहिणं बरं दिसणार नाही.

पुन्हा चालू केला, तर त्याला काहीच आठवेना. म्हणजे सुरू व्हायचा, आमच्याकडे बघायचा आणि बंद पडायचा. मग पुन्हा सुरू. मध्येच आवाज गेला. कॅमेरा आहे हेच तो मान्य करेना. आणि खोटं कशाला सांगू मावशी, मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. बघा! मी म्हणत नव्हतो? मी वर्कशॉपमध्ये सांगितलं, जिन्यात सांगितलं, सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय पाण्याच्या टाकीचा होता तिथेही सांगितलं, की मोठ्या अपडेटने घरचे कॉम्प्युटर खिळखिळे होतात, हा घ्या पुरावा. आता मीही एक गोष्ट सांगणाऱ्यांत जमा झालो. स्विचचा तपशील मात्र मी गोष्टीत घेतला नाही, उगाच लांबण लागते म्हणून. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण माझ्यासाठीच कोणीतरी करून ठेवली असावी.

मग पहिला रविवार आला. आईने नेहमीप्रमाणे केस विंचरले, पडदा तिरका ओढला, आणि काळ्या पडद्यासमोर जाऊन बसली. मी म्हटलं, आई, आज नाही होणार. ती बरं म्हणाली आणि तरीही बसून राहिली. हेडफोन मांडीवर. दुसऱ्या रविवारीही तसंच. मला बोलली असती तर बरं झालं असतं. माझा तो उकळ्यांचा आनंद कुठे गेला मला कळलंच नाही. वाईट वाटलं गं. फार वाईट वाटलं.

त्या दुसऱ्या रविवारी सूनबाईने सगळी सूत्रं हातात घेतली. कंपनीच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. पलीकडच्या मुलीने पहिलाच प्रश्न विचारला, की अपडेट चालू असताना मध्येच बंद केला होता का? सूनबाईने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. (छताला एक नवी भेग आहे, ती एकदा बघायला हवी.) सूनबाई शांतपणे फोनमध्ये म्हणाली, हो, आमच्याकडे एक जण लिफ्टवाले आहेत. मग मला म्हणाली, कोर्स अर्धा सोडून औषधाला शिव्या घालणारी माणसं मी दुकानात रोज बघते, आज घरात बघितली. त्या मुलीने सांगितलं तसं फोटो-बिटो आधी दुसरीकडे काढून ठेवले, डिस्कवरचा कचरा काढला (त्यात माझी क्रिकेटची रेकॉर्डिंगं होती, कचऱ्याची व्याख्या सूनबाईची), आणि अपडेट पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा तेच चक्र, पुन्हा तोच आकडा, आणि तो आकडा पुन्हा तिथेच येऊन थांबला.

माझा हात स्विचकडे निघाला होता, खोटं बोलणार नाही. पण आईने तोवर आपली खुर्ची उचलून स्विचसमोर, भिंतीला पाठ लावून टाकली होती. विणकाम घेऊन ती त्या खुर्चीत बसली. मी म्हटलं, आई, अडकलंय ते. ती सुईवरचे टाके मोजत म्हणाली, "अडकलं नाहीये, काम करतंय. दूरचा कॉल लागायला वेळ लागतो. मध्ये प्लग ओढणारा गिऱ्हाइकाचा वैरी." मी दोनदा पाणी प्यायच्या निमित्ताने तिथून गेलो, दोनदा तिने पाय आडवा टाकला. अखेर आकडा हलला. मग भराभर हलला. निळा पडदा जाऊन घरातला नेहमीचा पडदा आला, कॅमेरा आला, आवाज आला. आई उठली, खुर्ची जागेवर ठेवली, आणि माझ्याकडे न बघता चहा टाकायला गेली. माझ्या साहेबांना मी कधी मनापासून सलाम केला नाही. त्या दिवशी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून केला.

आता न्यायाने बोलायचं तर अपडेटचीही एक चूक होतीच. त्याने आमचा प्रिंटर ओळखायचं साफ नाकारलं, आणि त्यात माझ्या स्विचचा काही हात नव्हता, ते मी सगळ्यांना आवर्जून सांगतो. चार-पाच दिवसांनी एक लहानसं अपडेट आलं आणि दोघांची दिलजमाई झाली. तेव्हापासून कॉम्प्युटर एकदाही मान टाकून पडलेला नाही, उलट पूर्वी तुझा चेहरा मध्येच चौकोन-चौकोन व्हायचा तोही परवा झाला नाही. तेव्हा माझं सुधारलेलं मत असं, की पहिले काही दिवस कुरबुर होते, जशी नव्या पॅनेलची लिफ्ट कुरबुरते. थोडं थांबावं, फोटो बाजूला काढून ठेवावेत, मग घ्यावं, आणि स्विचला हात लावू नये. हे मत मी सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये मांडणार आहे. पहिलं मत मागे घेतो असं मात्र म्हणणार नाही, तेवढी लाज मला आहे.

पण मुख्य गोष्ट पुढेच आहे. नवी सिस्टीम आल्यावर पडद्यावर आणखी एक प्रश्न आला, की समोरचा माणूस बोलेल ते खाली अक्षरांत लिहून दाखवू का? मी तिथे असतो तर 'नंतर' दाबलं असतं. नशीब, आई होती. तिने 'हो' म्हटलं. परवाच्या रविवारी तू बोलायला लागलीस (आधी फुगलीस, मग बोललीस), आणि तुझं बोलणं आपल्या भाषेत, ठळक अक्षरांत, तुझ्या हनुवटीखाली उमटायला लागलं. थोड्या चुका होतात, पण अर्थ लागतो. आईने हळूच हेडफोन काढून बाजूला ठेवले. तू काकांनी चष्मा फ्रिजमध्ये ठेवल्याचं सांगितलंस आणि ती हसली. मावशी, ती बरोबर जागी हसली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की इतकी वर्षं ती नेहमी जरा उशिरा हसायची, काका हसलेले दिसल्यावर. तिला काही ऐकू येत नव्हतं गं. एकदा 'हो ना', एकदा 'काय सांगतेस', आणि तुझ्या भुवया बघून एकदा 'अगंबाई', एवढ्यावर तिने तुझ्याशी दर रविवारी तासभर गप्पा मारल्या, आणि तुला कधी एकदाही काही चुकल्यासारखं वाटलं नाही. आम्हाला घरात राहून पत्ता लागला नाही. असं काम कोणाला जमेल सांग? कॉल संपल्यावर तिने डोळे पुसले. मी विचारलं तर म्हणाली, चष्म्याचा नंबर बदललाय.

असो. पत्र लांबलं. काकांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि तुझा राग गेला असेल अशी खात्री धरून इथेच आवरतो.

तुझा,
लिफ्टवाला

ता. क. : एक बारीक सूचना राहिली. तुला आजवर सवय आहे, की आईशी बोलताना मध्येच काकांकडे वळून हळूच काहीतरी म्हणायचं. आता ते हळूच राहिलेलं नाही. तू कितीही कुजबुजलीस तरी अक्षरं तेवढीच मोठी उमटतात. 'हिने केसांचं काय करून घेतलंय' हे वाक्य दोन ओळींत आलं. आईला ते फारसं लागलं नाही, पण दुसऱ्या दिवशी ती केस कापायला गेली.

ता. क. २ : वरच्या सूचनेसाठी मी एवढं मोठं पत्र लिहिलं असं तुला वाटलं असेल तर तू मला ओळखत नाहीस. परवा जाता जाता तू काकांना म्हणालीस, 'माझ्या ऑपरेशनचं हिला काही कळू देऊ नका, उगाच घोर लावून घेईल, झाल्यावर सांगू.' तेही उमटलं. मी वाचलं, आणि आईनेही वाचलं. वाचून तिने तुला तुझ्या कुंड्यांना पाणी कोण घालतं ते विचारलं. कॉल संपल्यावर मी म्हटलं, आई, आत्ता पुन्हा कॉल लाव तिला. ती म्हणाली, "ते माझ्याशी बोललेलं नव्हतं." एक्स्चेंजमध्ये त्यांचा हाच कायदा होता, जे आपल्यासाठी नाही ते कानावर पडलं तरी तोंडातून निघायचं नाही. शहरातली अर्धी लग्नं आणि सगळी भांडणं तिने ऐकली, एक शब्द कधी घरी आणला नाही. मी मान देतो त्या कायद्याला, पण तो मला लागू नाही, मी लिफ्टवाला आहे. फोनवर बोललो असतो, पण घर एवढंसं, आणि आई आवाज ऐकत नसली तरी चेहरा लांबून वाचते. म्हणून हे पत्र. मागणं एकच आहे. येत्या रविवारी ते वाक्य काकांकडे वळून नको म्हणूस. समोर बघ, तिच्याकडे बघ, आणि तिला सांग. तू सांगितल्याशिवाय ती विचारणार नाही, आणि विचारल्याशिवाय तिला झोप नाही.

ता. क. ३ : आईला 'नको येऊस' वगैरे म्हणायच्या भानगडीत पडू नकोस, उपयोग नाही. दाराच्या मागे तिची बॅग भरून उभी आहे. विचारलं की म्हणते, कपाट आवरतेय. सूनबाईने हळूच उघडून बघितली. आत तिचे चार कपडे आहेत, आणि वर घडी करून ठेवलेले दोन नवे सुती गाऊन, समोरून बटणांचे, आईच्या मापापेक्षा चांगले दोन नंबर मोठे.